वाटाडे ग्रंथ

गिरिभ्रमणाचा नाद असलेली मंडळी एकत्र जमली, की बूट कोणते घ्यावे, पाणी किती न्यावे आणि पाऊस केव्हा उघडेल, यांची चर्चा हटकून होते. कोणते पुस्तक वाचून निघावे, असे मात्र सहसा कोणी कोणाला विचारीत नाही. मलाही कोणी विचारले नव्हते. एका चौदा वर्षांच्या मुलाने मला एक अडचणीचा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता पुस्तकांची एक लहानशी यादी माझ्याजवळ तयार झाली. ती यादी आज माझ्यासारख्याच डोंगरवेड्या श्रोत्यांपुढे ठेवावी, असे मनात आहे.

मी बंगळूरच्या इंदिरानगरात राहतो. १९७० नंतरच्या दशकात आखलेली ही वसाहत. एका अंगाला हलसूरचा तलाव, दुसऱ्या अंगाला जुने दोम्मलूर गाव, आणि मधे सरळ रस्ते व त्यांवर पर्जन्यवृक्षांची सावली. येथे नोकरीव्यवसायाच्या निमित्ताने आलेली आठ-दहा मराठी कुटुंबे महिन्यातून एका रविवारी भोवतालच्या डोंगरांवर जातात. कधी शिवगंगा, कधी देवरायनदुर्ग, कधी नंदी. सह्याद्रीच्या थराथरांच्या काळ्या कातळाची सवय असलेल्या पायांना येथला एकसंध, घुमटासारखा ग्रॅनाइट प्रथम परका वाटतो. मग हळूहळू तोही आपला होतो.

अशाच एका रविवारी आम्ही सावनदुर्गावर गेलो होतो. बंगळूरच्या पश्चिमेस मागडीच्या वाटेवर हा प्रचंड पाषाण उभा आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरांहून थोडी अधिक आहे. माथ्यावर नंदीचा लहानसा मंडप आहे. तेथे बसून शिदोऱ्या सुटल्या आणि माझ्यातला इतिहासकथनकार जागा झाला. शहाजीराजांनी बालशिवाजींना हाच डोंगर दाखवून दुर्ग म्हणजे काय ते शिकवले, असे मी मोठ्या रसाने सांगितले. मंडळी रंगली. गोष्ट संपल्यावर आमच्यातला एक मुलगा, जन्मापासून बंगळुरात वाढलेला, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड बोलणारा, शांतपणे म्हणाला, "काका, हे कुठे लिहिलंय? आम्हांला शाळेत शिकवलं, की हा किल्ला केंपेगौडांचा होता."

मला उत्तर देता आले नाही. ती गोष्ट मी कोठे तरी ऐकली होती, एवढेच. घरी येऊन शोध घेतला, तेव्हा तिला आधार सापडला नाहीच, उलट मुलाचे म्हणणे खरे निघाले. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर घेतले, त्या मोहिमेत शहाजीराजे होते. पुढे हे शहर त्यांच्याकडे जहागिरीदाखल आले. ज्यांचे शहर गेले ते तिसरे केंपेगौडा मागडीस गेले आणि सावनदुर्ग हा त्यांच्या घराण्याचा बळकट आसरा राहिला. म्हणजे ज्याचे घर एकदा आपण घेतले, त्याने सावरून उभ्या केलेल्या दुसऱ्या घराच्या छपरावर बसून, ते घरही आपलेच असल्याची कथा मी सांगत होतो. परप्रांतात पाहुणा म्हणून राहणाऱ्याला हे शोभत नाही. स्वप्रांतातही शोभत नाही. पण तेथे कोणी विचारीत नाही, एवढाच फरक.

तेव्हापासून डोंगरावर गोष्ट सांगायची तर ती कोठे लिहिली आहे हे ठाऊक असल्याशिवाय सांगायची नाही, असा मी नेम केला. हा नेम पाळताना जे ग्रंथ हाती आले, त्यांतले काही फार जुने आहेत. ते विद्वानांसाठी आहेत असा आपला समज असतो. पण भटक्याने ते वाचले तर त्याला जे दिसते, ते केवळ अभ्यासिकेत बसणाऱ्याला बहुधा दिसत नाही.

पहिला ग्रंथ बंगळूरचाच. जयराम पिंड्ये नावाचा कवी सतराव्या शतकाच्या मध्यास शहाजीराजांची कीर्ती ऐकून त्यांच्या दरबारी आला. त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. का, तर आपल्याला बारा भाषांत कविता करता येते, हे सुचवण्यासाठी. त्याचा 'राधामाधवविलासचंपू' हा ग्रंथ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली मोठी प्रस्तावना जोडून प्रसिद्ध केला. आरंभीचा बराचसा भाग संस्कृतात राधाकृष्णाच्या विलासाचा आहे. पुढे दरबार येतो आणि त्याबरोबर देशोदेशींचे कवी आपापल्या भाषा घेऊन येतात. उत्तरेचे रक्षण शहाजहानकडे आणि दक्षिणेचे शहाजींकडे, अशी ईश्वरानेच वाटणी केली आहे, अशा आशयाची स्तुती त्यात आहे. ही कवीची अतिशयोक्ती झाली. दरबारी कवीला तेवढे क्षम्य असते. परंतु त्या अतिशयोक्तीपलीकडचे एक सत्य मला मोलाचे वाटते. बंगळुरातला मराठी दरबार एका भाषेचा नव्हता. जे कवी तेथे आले ते आपली भाषा घेऊन आले आणि दुसऱ्याची ऐकून घेत बसले. आज इंदिरानगरातल्या कोणत्याही चौकात पाच मिनिटे उभे राहिले, तर कानांवर पाच भाषा पडतात. जयरामाला त्यात काही नवल वाटले नसते.

याच जयरामाचे दुसरे काव्य 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान'. पर्णालपर्वत म्हणजे आपला पन्हाळा. १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने साठ निवडक माणसांनिशी रात्रीच्या अंधारात पन्हाळा घेतला, तो प्रसंग या पाच अध्यायांच्या संस्कृत काव्याचा मुख्य विषय आहे. एका किल्ल्याच्या चढाईवर त्याच काळातल्या कवीने लिहिलेले स्वतंत्र काव्य हाताशी असणे, हे गिरिभ्रमण करणाऱ्याचे भाग्यच म्हटले पाहिजे. पन्हाळ्यावर आज मोटार थेट वर जाते. एकदा तरी मोटार खाली ठेवून, हे आख्यान वाचून, पायी चढावे. साठ माणसे म्हणजे किती थोडी, आणि तो तट म्हणजे केवढा मोठा, हे आकडा वाचून कळत नाही. दम लागल्यावर कळते.

शहाजीराजांना बंगळूर कसे मिळाले, हे ज्याला वाचायचे असेल त्याने परमानंदाचे 'शिवभारत' उघडावे. हेही संस्कृत काव्य, आणि अपुरे राहिलेले. रणदुल्लाखानाची मोहीम, केंपेगौडांशी झालेले युद्ध आणि मग शहाजींचा या नगरातला निवास, असा क्रम त्यात येतो. आपल्याला सोयीचे तेवढेच सांगणाऱ्या माझ्यासारख्याला या ग्रंथाने चपराक दिली. कारण शिवाजीमहाराजांच्या आश्रयाला असलेल्या परमानंदाने केंपेगौडांचे नाव वगळलेले नाही. जे कवीने वगळले नाही ते मी वगळत होतो.

या दोन ग्रंथांच्या जोडीला एक लहानशी पदयात्रा सुचवतो. तिला डोंगर लागत नाही. इंदिरानगरच्या स्थानकावर मेट्रोत बसावे, मॅजेस्टिकला गाडी बदलावी आणि संपिगे रोडला उतरून मल्लेश्वरमकडे पायी निघावे. तेथे काडु मल्लेश्वराचे देऊळ आहे. काडु म्हणजे कन्नडात रान. आज ते रान शहरात बुडाले आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी, ज्यांना आपण व्यंकोजी म्हणतो, त्यांनी १६६९ साली या देवाला एक गाव दान दिल्याचा शिलालेख येथे आहे. पुढे एकोजी तंजावरास गेले, आणि १६८७ साली मोगलांनी बंगळूर घेऊन ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना दिले. सुमारे पन्नास वर्षांचा मराठी अंमल असा व्यवहाराच्या एका आकड्यात संपला. शिलालेख मात्र राहिला. राज्य गेले तरी दान टिकले, ही गोष्ट त्या देवळाच्या पायरीवर बसून चघळण्यासारखी आहे.

आता थोडे दूर जाऊ. बंगळूरहून निघून एका दिवसात पोचता येईल अशा अंतरावर, तमिळ मुलखात, जिंजीचा किल्ला आहे. तीन डोंगर आणि त्यांना एकत्र बांधणारा तट, अशी त्याची रचना. १६७७ साली शिवाजीमहाराजांनी तो घेतला. संभाजीमहाराजांच्या वधानंतर १६८९ साली राजाराममहाराज तेथे पोचले आणि पुढच्याच वर्षी मोगलांचा दीर्घ वेढा सुरू झाला. त्या वेढ्याच्या अखेरीअखेरीस, १६९७ च्या सुमारास, कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजारामांच्या सांगण्यावरून शिवाजीमहाराजांचे चरित्र लिहिले. तीच 'सभासद बखर'.

ही बखर मी पूर्वी पुण्यात असताना वाचली होती. तेव्हा तिच्यातल्या किल्ल्यांच्या याद्या कंटाळवाण्या वाटल्या आणि मी त्या ओलांडून पुढे गेलो. जिंजीच्या राजगिरीवर उन्हात बसून तीच पाने पुन्हा वाचली, तेव्हा माझी चूक उमगली. लिहिणारा वृद्ध मनुष्य सह्याद्रीपासून शेकडो कोस दूर आहे. भोवती शत्रू आहे. यादीतले कित्येक गड त्या वेळी हातातून गेलेले आहेत. अशा वेळी तो एकेक गडाचे नाव लिहीत आहे. ती यादी कारकुनाची नव्हे. परगावी गेलेला मनुष्य रात्री झोप येईना म्हणजे आपल्या गावातल्या घरांची नावे ओळीने मनात म्हणतो, तशी ती आहे. हे मला ज्या दिवशी कळले, त्या दिवसापासून मी कोणत्याही ग्रंथातली यादी ओलांडीत नाही.

जिंजीपुढे तंजावर. तेथले एक पुस्तक असे आहे, की ते पाठपिशवीत मावत नाही आणि चालल्याशिवाय वाचता येत नाही. बृहदीश्वराच्या मंदिराच्या प्राकारातील भिंतीवर सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. वाचीत वाचीत आपण भिंतीच्या कडेने पुढे सरकत राहतो. राजाच्या आज्ञेने लिहिलेली ती राजाच्याच वंशाची कथा आहे. तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये. तरीही चोळांच्या मंदिरात, तमिळ शिलालेखांच्या सान्निध्यात, आपल्या भाषेची ही लांबच लांब ओळ पाहताना मन भरून येते. आणि तंजावरचे ऋण एवढेच नाही. 'शिवभारत' आणि 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' या दोहोंच्या पोथ्या सदाशिव महादेव दिवेकर यांना तंजावरच्या सरस्वतीमहाल ग्रंथालयातच मिळाल्या. त्यांनी त्या अनुक्रमे १९२७ आणि १९२३ साली छापून महाराष्ट्राला परत दिल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. शिवकालाविषयीचे जे ग्रंथ आपण महाराष्ट्राचे धन मानतो, त्यांतला एक बंगळूरच्या दरबारासाठी लिहिला गेला, एक जिंजीच्या वेढ्यात लिहिला गेला, आणि दोन तंजावरच्या कपाटात जपले गेले. मराठी मुलखापासून दूर राहणारे आम्ही आपली भाषा मागे राहिली म्हणून हळहळतो. वस्तुतः तिचा बराच मोठा ठेवा दूर राहिलेल्यांनीच सांभाळला आहे. मुंबई-पुण्याच्या मित्रांपुढे न्यूनगंड बाळगण्याचे काही कारण नाही. आणि मिरवण्याचेही नाही, कारण त्यांनी तो वाचून सांभाळला. आपण नुसते कपाट सांभाळले तर भागणार नाही.

यादीत पुढचा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र'. राजाराम जिंजीस असताना ज्यांनी मागे महाराष्ट्र लढता ठेवला, त्यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोल्हापूरच्या गादीच्या सेवेत असताना, राज्यकारभाराची नीती लिहून ठेवली. त्यातले दुर्गांचे प्रकरण प्रत्येक गिर्यारोहण मंडळाने वर्षारंभी एकदा मोठ्याने वाचावे, असे माझे मत आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे. नसेल तर खडक फोडून तळी-टाकी करावी. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झऱ्यांचे पाणी कमी होते, असा त्यांचा अनुभव सांगतो. गडावर केरकचरा पडू देऊ नये, तो तटावरून खाली लोटू नये, जागच्या जागी जाळावा आणि त्याची राख परसात घालून भाजीपाला करावा, हेही त्यांनी लिहिले आहे. तीनशे वर्षांपूर्वीचा प्रधान कचऱ्याची राख भाजीला घालायला सांगतो आणि आज आपण त्याच गडाच्या टाक्यांत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तरंगताना पाहतो. १२ मराठा दुर्गांना २०२५ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांतले ११ महाराष्ट्रात आहेत आणि १ जिंजी. मान मिळाल्याचा आनंद आहेच. पण त्या मानाला पात्र राहण्याचे नियम आपल्याच भाषेत, आपल्याच अमात्याने लिहून ठेवलेले आहेत.

राजेरजवाड्यांचे ग्रंथ पुष्कळ झाले. आता एका गरीब भिक्षुकाचे पुस्तक. विष्णुभट गोडसे वरसईकर हे कोकणातले ब्राह्मण. घरावर कर्ज झाले होते. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून ते काकांबरोबर निघाले. वर्ष होते १८५७. दक्षिणेऐवजी त्यांच्या वाट्याला बंडाचा वणवा आला. झाशीच्या वेढ्यात ते आत सापडले, लुटले गेले, वाचले, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी परतले. 'माझा प्रवास' या नावाने त्यांचे हे कथन चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या धाकाने त्यात फेरफार करावे लागले होते. मूळ पाठ पुढे १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी समोर आणला. प्रवासवर्णन लिहू इच्छिणाऱ्या प्रत्येक भटक्याला मी हे पुस्तक देतो. भूक लागली तर भूक लागली म्हणावे, भीती वाटली तर भीती वाटली म्हणावे, हे धैर्य विष्णुभटांपाशी आहे. आमच्या सहलींच्या वृत्तान्तांत कोणालाच कधी भीती वाटत नाही, म्हणून ते कोणी वाचत नाही.

किल्ल्यांची माहिती देणाऱ्या मराठी ग्रंथांत चिंतामण गंगाधर गोगटे यांच्या 'महाराष्ट्र देशांतील किल्ले' या पुस्तकाला वडीलकीचा मान आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ते दोन भागांत निघाले. गड पाहायला जाणे हा छंद म्हणून रूढ होण्यापूर्वीचे हे काम आहे, हे विसरू नये. त्यानंतर नाव घ्यायचे ते गो. नी. दांडेकरांचे. त्यांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'ने मराठी माणसाला गडावर नेले, हे सर्वश्रुत आहे. मी मात्र नवख्याला प्रथम त्यांच्या कादंबऱ्या सुचवतो. राजमाचीवर जायचे असेल तर 'माचीवरला बुधा', तुंगावर जायचे असेल तर 'पवनाकाठचा धोंडी', कर्नाळ्याला जायचे असेल तर 'जैत रे जैत'. याचे कारण असे, की आपण गड पाहतो आणि गडाखालचा माणूस पाहत नाही. आपल्याला वाट दाखवणारा, ताक आणून देणारा, आपण गेल्यावरही तेथेच पावसात राहणारा जो मनुष्य, त्याचे घर या कादंबऱ्यांत आहे.

डोंगराशिवायही चालणे असते. इरावतीबाई कर्वे यांच्या 'परिपूर्ती' या १९४९ सालच्या संग्रहात 'वाटचाल' नावाचा लेख आहे. पंढरीच्या वाटेवर पालखीबरोबर त्या चालल्या, त्याचे ते वर्णन. अभंगांत त्या रमल्या. पण एकाच विठ्ठलाचे नाव घेत चालणारे लोक मुक्कामाला जातीजातींप्रमाणे वेगळ्या पंक्तीत जेवतात, हेही त्यांनी पाहिले आणि ते त्यांना खुपले. वाटेवर प्रेम करावे आणि वाटेवरचे काटेही नजरेआड करू नयेत, हा धडा देणारा याहून चांगला लेख मला ठाऊक नाही.

आणि ज्यांना वयामुळे, प्रकृतीमुळे किंवा कामामुळे कोठेच जाता येत नाही, त्यांच्यासाठी दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र'. १९५६ साली निघालेले हे पुस्तक बारा महिन्यांच्या झाडाफुलांचे, ढगांचे, पाखरांचे आहे. ते घेऊन इंदिरानगरच्या रस्त्यांवर वर्षभर फिरावे, असा प्रयोग मी केला. बंगळूरच्या लालबागेत काम केलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगल यांनी या शहरात एकामागून एक वेगवेगळी झाडे फुलत राहावीत, अशा योजनेचा पाया घातला. त्यामुळे टॅबेबुयाचा गुलाबी बहर ओसरतो न ओसरतो तोच जॅकरांडा जांभळा होतो आणि मग गुलमोहर पेटतो. दुर्गाबाईंच्या पुस्तकातली सगळीच झाडे येथे नाहीत, आणि येथली कित्येक त्यांच्या पुस्तकात नाहीत. पण पाहायचे कसे ते त्यांनी शिकवले आहे. काय पाहायचे ते जो तो आपल्या दाराशी शोधील.

यादीत शेवटचा ग्रंथ मराठी नाही. बंगळुरातच जन्मलेले बेंजामिन लुइस राइस हे म्हैसूर संस्थानच्या शिक्षणखात्यात होते. दौऱ्यांवर गावोगाव हिंडताना त्यांनी शिलालेख टिपले आणि 'एपिग्राफिया कर्नाटिका' ही ग्रंथमाला उभी केली. बंगळूर जिल्ह्याच्या लेखांचा नववा खंड १९०५ साली निघाला. तो चाळू लागलो तेव्हा आढळले, की घरापासून चालत जाता येईल अशा दोम्मलूरच्या चोक्कनाथस्वामींच्या देवळातले तमिळ लेख मी इतकी वर्षे पाहिलेच नव्हते. या शहराचे नाव ज्यात प्रथम येते तो बेगूरचा वीरगळ तर अकराशे वर्षांहून जुना. केंपेगौडांच्याही कितीतरी आधीचा, शहाजीराजांच्या तर सातशे वर्षे आधीचा. ज्या मातीवर आपण राहतो तिची कागदपत्रे वाचणे, हे शेजारधर्माचे पहिले कलम आहे.

असो. आता मूळ प्रश्नाकडे वळतो. दुसऱ्यांदा सावनदुर्गावर गेलो, तेव्हा तो मुलगाही होता. माथ्यावर नंदीपाशी बसल्यावर मी सर्वांपुढे सांगितले, की मागच्या वेळची माझी गोष्ट निराधार होती. मग १६३८ ची मोहीम सांगितली, केंपेगौडांचे मागडीस जाणे सांगितले, पुढे १७२८ साली म्हैसूरने आणि १७९१ साली कॉर्नवॉलिसच्या इंग्रज फौजेने हा किल्ला घेतला तेही सांगितले. आणि मराठ्यांची खरी कथाच ऐकायची असेल, तर तुमकूरच्या रस्त्यावर दाबसपेठेजवळ निजगल नावाचा डोंगर आहे, असे सांगितले. थोरल्या माधवरावांनी १७७० साली त्याला वेढा घातला, आणि चित्रदुर्गच्या नायकाच्या बेरडांनी मदत केली तेव्हा कोठे तो हाती आला. ही कथा माझ्या पहिल्या गोष्टीइतकी गोड नव्हती. तीत आपले बळ अपुरे पडते आणि शेजाऱ्याचा हात लागतो. मंडळी या वेळी रंगली नाहीत. पण प्रश्न मात्र पुष्कळ विचारले गेले. नायकाने मदत का केली, वेढ्यात पाणी कोठून आणीत, निजगलावर अजून टाकी आहेत का.

उतरताना मुलाने विचारले, "काका, पुढच्या रविवारी निजगल?" मी म्हटले, चल, पण मराठी रियासतीतला तो भाग तू आधी वाचून ये, आणि या वेळी गोष्ट तू सांग.

श्रोतेहो, आपण इंदिरानगरात असा, इंदुरात असा, बडोद्यात की बेळगावात असा, आपल्या घराजवळ एखादी टेकडी, एखादे तळे, एखादे जुने देऊळ असेलच. तेथे जाण्यापूर्वी त्याच्याविषयी एक पान वाचावे, तेथे बसून ते पुन्हा वाचावे, आणि जे जुळणार नाही ते वहीत टिपून ठेवावे. आमच्या वहीत सध्या निजगलाच्या पानावर तीन प्रश्न लिहिलेले आहेत. त्यांतला एक तरी येत्या रविवारी सुटेल, अशी आशा आहे.